वाकडी होडी सरळ कशी जाते? वाचकांचे प्रश्न, सुतारमास्तरांची उत्तरं

मागच्या अंकात व्हेनिसच्या गोंडोला या लाकडी होड्यांवर दीड पान लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालो. भाची व्हेनिसला लागून असलेल्या मेस्त्रे गावात नोकरीला आहे. तिच्याकडे राहायला गेलो होतो. बरोबरची मंडळी चर्चमधली चित्रं बघत होती, मी होड्या बांधणाऱ्यांच्या अंगणात डोकावत होतो. या अंगणाला तिकडे स्क्वेरो म्हणतात. आता पत्रांकडे वळू. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ‘इटलीत शाकाहारी जेवण मिळतं का’ असं विचारणाऱ्या तिघांना: मिळतं.

तुम्ही लिहिलंत की गोंडोला मुद्दाम वाकडी बांधतात. ही छपाईची चूक आहे का? वाकडी होडी सरळ कशी जाईल?
*(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कॉलेज रोड)*

चूक नाही रे बाबा. गोंडोला साधारण ११ मीटर लांब आणि जेमतेम १.४ मीटर रुंद असते. नाकापासून शेपटीपर्यंत दोरी ताणून मापलंस तर डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर जास्त रुंद भरेल. म्हणजे जवळजवळ वीतभर. आपल्याकडे असं टेबल कुणी करून आणलं तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही.

हे असं का, ते होडीकडे बघून कळत नाही, वल्हवणाऱ्याकडे बघून कळतं. माणूस एकटा, वल्हं एक, आणि तेही कायम उजव्या अंगाला. तो उभा असतो मागच्या टोकाशी, डावीकडे. उजवीकडून रेटा दिला की कुठल्याही होडीचं नाक डावीकडे फिरणार. सरळ बांधलेली होडी असती तर बिचाऱ्याची निम्मी ताकद ते नाक परत आणण्यात गेली असती. म्हणून बांधणाऱ्याने डावं पोट फुगवलं आणि उजवं आवळलं. या बाकामुळे होडीची स्वतःची ओढ उजवीकडे राहते. वल्ह्याची ओढ डावीकडे, होडीची उजवीकडे, दोन्हींची फिटंफाट होते. रिकामी गोंडोला धक्क्याला बांधलेली असते तेव्हा ती उजवीकडे कललेली दिसते. नवखा माणूस म्हणेल, पाणी शिरलंय वाटतं. मागे डावीकडे माणूस चढला की ती सावरते.

हा आकार काही पुराणकाळापासूनचा नाही, बरं का. होडी शेकडो वर्षं जुनी आहे, पण आजचा हा ठाशीव वाकडेपणा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीशेवटी पक्का झाला. त्याचं श्रेय दोमेनिको त्रामोन्तिन या कारागिराला देतात. त्याने १८८४ साली स्वतःचा स्क्वेरो काढला होता. परंपरा परंपरा म्हणून आपण जिला हात लावायला भितो, ती त्या लोकांनी गरज पडेल तशी रंध्याखाली घातली आहे. मला हे फार आवडलं.

आणखी एक. तिचा तळ सपाट आहे आणि दोन्ही टोकं पाण्याबाहेर उचललेली आहेत. पाण्याला टेकतो तो मधला भाग. त्यामुळे एवढं लांबलचक धूड अरुंद कालव्याच्या काटकोनात जागच्या जागी वळतं. तुझ्या कॉलेजात प्लायवूडचं दोन फुटी मॉडेल करून बघ. एक सरळ, एक वाकडं. दोन्हींना उजवीकडून ढकल. मग प्राध्यापकांना विचार, समीकरण तेच मांडून देतील.

फोटोत होडीच्या काठावर एक वेडावाकडा लाकडी खुंटा दिसतो. ती शोभेची वस्तू आहे का?
*(निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड)*

ताई, माझ्या मते अख्ख्या होडीत तीच खरी वस्तू आहे. तिचं नाव फोर्कोला. वल्हं टेकवायचा खुंटा. तो आणि वल्ही बनवणारा कारागीर वेगळा असतो. होडी बांधणारा या कामात पडत नाही. तो कारागीर म्हणजे रेमेर.

एका रेमेरच्या दुकानात मला एक फोर्कोला हातात धरायला मिळाली. अक्रोडाचा एकच ठोकळा, कुठे जोड नाही, कुठे खिळा नाही. वजन हाताला चांगलं लागतं. खालचा भाग चौकोनी, तो होडीच्या काठातल्या भोकात नुसता खोचायचा. वरचा भाग कोपर मुडपल्यासारखा. त्याला एकही सपाट बाजू नाही. काटकोन तपासायचा गुण्या लावायला जागाच सापडेना. मी नस बघितली, म्हणजे लाकडातली रेघ. ती कोपरात तुटलेली नव्हती, वळणाबरोबर वळली होती. म्हणजे ठोकळा निवडतानाच त्या माणसाने हा बाक आत कुठे बसेल ते पाहून ठेवलं होतं. वर एक उघडी खोबण असते. वल्हं तिच्यात फक्त टेकतं. कडी नाही, दोरी नाही. त्या खोबणीची कड मी अंगठ्याने चाचपली. बाहेरून दिसायला धारदार, पण हाताला लोण्यासारखी. तिथे वल्हं दिवसभर घासतं, धार ठेवली तर वल्ह्याचाच भुगा होईल.

या एका खुंट्यावर वल्हं टेकवायच्या जागा अनेक आहेत. खोबणीत ठेवलं की पुढे जायचं. खालच्या कोपरावर आणलं की वेग मोडतो. दुसऱ्या बगलेला लावलं की मागे. जागेवर वळायचं, आडवं सरकायचं, या सगळ्यांचे टेकू त्याच लाकडात कोरलेले. गाडीचे गिअर म्हणा हवं तर. वल्हवणाऱ्याची उंची आणि सवय बघून फोर्कोला बनवून घेतात. गोंडोला चालवणारा संध्याकाळी ती उपसून घरी घेऊन जातो असंही दिसतं. होडी राहू दे कालव्यात, ही गेली तर सकाळचा धंदा बुडाला.

मी जुन्या नाशकात सुतारकाम करतो. आजोबांनी वाड्यांची कामं केली. गोंडोलाला लाकूड कोणतं? साग चालेल का? आणि फळी वाकवतात कशी?
*(वाचक, भद्रकाली)*

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. बाकीच्यांनी प्रेमी युगुलांबद्दल विचारलं, तुम्ही लाकडाबद्दल.

एका गोंडोलात आठ जातींचं लाकूड लागतं आणि सुटे भाग मोजले तर सुमारे २८०. बाजूच्या लांब फळ्या ओकच्या. फासळ्या एल्मच्या, कारण तो लवचिक आणि चिवट. तळाला फर, तो हलका. दोन्ही टोकांच्या ठोकळ्यांना लिंडेन, तो वातड नाही आणि आकार धरून ठेवतो. शिवाय अक्रोड, चेरी, लार्च आणि महोगनी. आपल्याकडे वाड्याला खांबापासून तुळईपर्यंत साग एके साग. तिकडे प्रत्येक लाकडाला त्याच्या स्वभावाप्रमाणे काम दिलंय.

साग चालेल का? बाजूच्या फळ्यांना उत्तम चालेल. त्याच्यात तेल असतं, पाणी तो सहज सोसतो. कोकणात गलबतं आणि मचवे सागाचेच होत आले, जोडीला ऐन आणि उंडी. पण सगळी होडी सागाची केलीत तर जड होईल आणि एका माणसाला ती दिवसभर ओढायची आहे. तळाला हलकं काही तरी शोधावं लागेल.

लाकूड यायचं कुठून, हीही मोठी गंमत आहे. व्हेनिस उभं आहे खाऱ्या पाण्यातल्या बेटांवर, तिथे जंगल कसलं! उत्तरेच्या कादोरे भागातल्या डोंगरात झाडं तोडायची, ओंडक्यांचे तराफे बांधायचे आणि पियावे नदीत सोडायचे. ओंडक्यांबरोबर डोंगरातले सुतारही उतरले. सान त्रोवासोचा स्क्वेरो सतराव्या शतकातला आहे. त्याच्यावरची लाकडी बांधणी थेट डोंगरातल्या घरासारखी आहे, कालव्याच्या शहरात पाहुणी आल्यासारखी. ओकचं मोन्तेल्लो नावाचं जंगल तर सरकारने आपल्या आर्सेनाले या जहाज कारखान्यासाठी राखून ठेवलं होतं. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याचा आणि डांगचा साग नाशकात उतरायचा, वाड्यांना लागायचा. लाकूड उतरतं तिथे सुतार वसतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

आता वाकवणं. वाफेची पेटी नाही, यंत्र नाही. फळी आधी जागेवर अडकवायची. एका अंगाने खाडीतल्या बोरूच्या जुड्या पेटवून जाळ द्यायचा, दुसऱ्या अंगाने पाणी मारत राहायचं. शेकलेली बाजू आक्रसते, ओली बाजू ताणू देते, आणि फळी हळूहळू बाक घेते. बोरूच का? त्याचा जाळ भडकन होतो, लांब पसरतो आणि लगेच विझतो. लाकूड तापतं, जळत नाही. आपल्याकडे बुरूड बांबू शेकून सरळ करतो, त्याला हे दाखवलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? घाई केली की फळी ‘कट्’ करून बोलते. तो आवाज तुम्हाला सांगायला नको.

आणि शिसवीसारखी चकाकणारी ती होडी आतून काळी नसते हो, वर काळा रंग असतो. सोळाव्या-सतराव्या शतकात श्रीमंतांनी होड्या सजवण्यात एवढी चढाओढ लावली की सरकारने कायदे करून नक्षी, सोनं आणि झुली बंद केल्या. उरला काळा. नाकावर जो लोखंडी फणा असतो त्याचे सहा दात म्हणजे शहराचे सहा भाग, असं गाइड सांगतात. ऐकायला छान आहे. पण ते अर्थ नंतर चिकटवलेले. सुताराच्या लेखी ते वजन आहे, मागे उभ्या असलेल्या माणसाला पुढून तोल देणारं.

आमच्या तालुक्यातला दत्तू भोकनळ बसून, पाठ पुढे करून वल्हवतो. व्हेनिसवाले उभे राहून, तोंड पुढे करून. योग्य पद्धत कोणती?
*(बारावीची विद्यार्थिनी, चांदवड)*

दोन्ही योग्य. पाणी वेगळं, म्हणून रीत वेगळी.

तळेगाव रोहीचा दत्तू २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारायच्या शर्यतीत, तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या स्कल्समध्ये त्याने सुवर्ण मिळवलं. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा पोरगा! त्याची शर्यत २००० मीटरची, सरळ, आखलेल्या पट्ट्यात. समोरून कुणी येणार नाही, तेव्हा पाठ करून बसलं तरी चालतं. बैठक चाकांवर सरकते आणि खरी ताकद मांड्यांची लागते. होडी किती हलकी? सिंगल स्कलला नियमाने किमान १४ किलो वजन लागतं. म्हणजे तू आणि तुझी मैत्रीण ती सहज उचलाल.

व्हेनिसभोवतीची खाडी उथळ आहे. चिखलाचे उंचवटे कुठेही वर आलेले असतात. खोल वाट दाखवायला ओकचे खांब रोवलेले आहेत. शहरात शिरलं की गल्ल्यांएवढे कालवे, आंधळी वळणं आणि डोक्यावर पूल. तिथे पाठ करून बसलीस की कपाळमोक्ष. म्हणून उभं राहायचं आणि पुढे बघायचं. वळणाआधी ‘ओए!’ अशी हाळी द्यायची.

मला एका शिकवणाऱ्या बाईंनी मास्करेता नावाच्या छोट्या होडीवर चढवलं होतं. पुढे ढकलायचा हात म्हणजे प्रेमेर. त्यात हाताने ढकलायचं नसतं, सगळं अंग पुढे टाकायचं असतं. ते जमतं. खरी मेख आहे ती परतीत, स्तालीरमध्ये. वल्हं पाण्याबाहेर काढायचं नाही. पातं मनगटाने किंचित तिरकं करून पाण्यातूनच मागे आणायचं. तेवढ्या तिरकसपणाने होडीचं नाक सरळ होतं. आणि वल्हं खोबणीत मोकळं असल्यामुळे जरा जोर चुकला की ते टुणकन बाहेर उडी मारतं. त्या बाई म्हणत, लाकडाला दाबू नका, टेकू द्या. मी आयुष्यभर पोरांना रंध्याबद्दल हेच सांगत आलो.

तू वल्हवायला लागलीस तर अवश्य कळव. तिकडे बायकांच्या शर्यतीची नोंद १४९३ सालची आहे. पण गोंडोला चालवायचा धंद्याचा परवाना पहिल्या बाईला मिळायला २०१० साल उजाडलं. तिचं नाव जॉर्जिया बोस्कोलो, आणि वडीलही गोंडोलाच चालवायचे.

गोंडोलात बसायला किती पैसे लागतात? परवडतं का?
*(वाचक, सिडको)*

दिवसा अर्ध्या तासाचे सरकारी दराने ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११०. अख्ख्या होडीचे, माणशी नव्हे. पाच जणांत वाटलं तर बरं पडतं. मी बसलो नाही. मोठ्या कालव्यावर मोजके पूल आहेत, म्हणून मध्ये मध्ये त्रागेत्तो नावाची, पलीकडे सोडणारी होडी चालते. तीही गोंडोलाच, जरा रुंद, वल्हवायला दोन माणसं. दोन युरो द्यायचे आणि पलीकडे उतरायचं. गावचे लोक उभ्यानेच जातात, हातात भाजीची पिशवी. मी आपला पुन्हा पुन्हा अलीकडे-पलीकडे करत राहिलो. भाची वैतागली.

कुंभमेळा आलाय. गोदावरीत रामकुंडापासून गोंडोला सोडल्या तर नाशिक ‘भारताचं व्हेनिस’ होईल. आपलं मत?
*(व्यावसायिक, पंचवटी)*

माझं मत स्पष्ट आहे: नको.

व्हेनिसचं पाणी दिवसातून दोनदा भरतं आणि ओसरतं. वर्षातले बरेचसे दिवस हा चढउतार हातभराच्या आसपास. त्या पाण्यासाठी ती होडी बनली आहे. आपली गोदा उन्हाळ्यात गंगापूर धरणातून सोडतील तेवढीच वाहते आणि पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपण सगळ्यांनी होळकर पुलावर उभं राहून बघितलंच आहे. व्हेनिसलाही पूर येतो. १९६६ च्या नोव्हेंबरात १९४ सेंटिमीटर आणि २०१९ च्या नोव्हेंबरात १८७, असे आकडे तिथे पाण्याच्या मापावर नोंदले आहेत. पण ते पाणी चढतं आणि काही तासांत उतरतं, वाहून नेत नाही. आपल्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलवाव्या लागतात. तिथे गोंडोला बांधणार कुठे?

आणि पाणवेली? वल्हं पाण्यातून तिरकं परत आणायचं असतं असं वर लिहिलंय. पाणवेलीच्या गालिच्यात ते आणून दाखवा. म्हणजे शेवटी फायबरची गोंडोला येणार, खाली मोटर लावणार, मागे टोपी घातलेला पोरगा खोटं वल्हं धरून उभा करणार. त्याला माझा विरोध आहे. फायबरला विरोध नाही, खोट्या वल्ह्याला आहे.

मोटरवरून आठवलं. व्हेनिसमध्ये मोटरबोटींच्या लाटा दिवसरात्र घरांच्या पायांवर आपटतात, विटांतला चुना धुऊन नेतात. याला कंटाळून १९७५ साली गावकऱ्यांनी वोगालोंगा सुरू केली. शर्यत नाही, बक्षीस नाही. वल्ह्याची कुठलीही होडी आणायची आणि खाडीतून तीसेक किलोमीटर वल्हवायचं. ती अजून दरवर्षी भरते. व्हेनिसकडून काही उचलायचंच असेल तर हे उचला. गंगापूर धरणाच्या फुगवट्यात वर्षातला एक रविवार मोटर बंद, फक्त वल्ही. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात तर मोटरचा आवाजच नको. त्याला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला तो पक्ष्यांमुळे, आणि उथळ पाण्यात सपाट तळाची लाकडी होडी पक्षी न उठवता जाते. गोंडोला नको, साधी पंधरा फुटी सपाट होडी पुरे. ती नाशकातला सुतार बांधू शकतो. भद्रकालीचे आमचे वाचक वर बसलेच आहेत.

लाकडी होडी पाण्यात राहून कुजत नाही का?
*(गृहिणी, इंदिरानगर)*

पाण्यात राहून नाही, बाहेर ठेवून बिघडते. फळी सुकली की आक्रसते आणि सांध्यात फट पडते. कोरडी होडी पाण्यात सोडली की सुरुवातीला गळते. मग फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप आवळले जातात. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. व्हेनिसच्या खाडीतले ते ओकचे खांब तो पाण्याच्या रेषेजवळ कुरतडून बारीक करतो. गोंडोलाचा बचाव एकच: वरचेवर बाहेर काढायची, उलटी घालायची, शेवाळ खरवडायचं आणि पुन्हा रंग द्यायचा. सान त्रोवासोच्या अंगणात पलीकडच्या काठावरून बघावं तेव्हा एखादी तरी उलटी पडलेली दिसते.

नाशकात तो किडा नाही, पण खुश होऊ नका. लाकडाला खाऱ्यापेक्षा गोडं पाणी वाईट. पावसाचं पाणी होडीच्या आत साचलं की बुरशी धरते आणि कूज आतून सुरू होते. तेव्हा कुणी होडी बांधलीच, तर पहिल्या पावसाआधी ती पालथी घाला, खाली विटांचा टेकू द्या म्हणजे वारा खेळेल, आणि प्लॅस्टिकचा कागद चुकूनही गुंडाळू नका. घाम धरतो.